समासाबाहेरच्या गंगाबाई

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत गंगाबाई उघड्या गटारात पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. नगर कार्यालयाच्या दृष्टीनं मात्र तक्रार येईपर्यंत ही घटना घडलीच नव्हती.

तक्रारी वर पाठवायचं काम तिथल्या कारकून विनुताच्या संगणकातल्या मॅक्रो प्रोसेसरकडे होतं. पत्रात एका शब्दाची आज्ञा लिहिली की त्या जागी तक्रारीची अख्खी फाइल येऊन बसे. अधीक्षक वेंकटरावांना हे बसणं खपलं नाही.

"जनतेचा मजकूर आमच्या मजकुराच्या रांगेत? सरकव त्याला समासापासून आत!"

विनुतानं सरकवला. पण मॅक्रोनं फक्त पहिली ओळ आत घेतली, बाकीच्या समासालाच चिकटून राहिल्या. समासालगतचा मजकूर अधीक्षकांचा, म्हणून 'मी गंगाबाई' एवढं आत गेलं आणि 'माझा पाय मोडला आहे, चालवत नाही' हे वेंकटरावांचं निवेदन ठरलं. वरिष्ठांनी तातडीनं दखल घेऊन त्यांना विश्रांतीची रजा मंजूर केली. आदेश मोडणं वेंकटरावांच्या स्वभावात नव्हतं. सुटलेली बस धावत पकडून ते पापनाशमला सासुरवाडीला गेले.

परतल्यावर त्यांनी विनुताला झापलं. "प्रत्येक ओळ आत गेली पाहिजे. शिस्त म्हणजे शिस्त!"

आता प्रत्येक ओळ आत जाऊ लागली. पत्र इतकं देखणं झालं की वरच्या सगळ्या कार्यालयांनी तोच मॅक्रो उचलला. जो तो खालून आलेलं पत्र आपल्या पत्रात घेई आणि आणखी आत ढकली. गंगाबाईंची तक्रार उजवीकडे सरकत गेली. आधी वाक्यांची शेपटं कागदाबाहेर पडली, मग शब्द, शेवटी नावही. सर्वांत वरून शेरा आला: 'मांडणी अनुकरणीय. तक्रार आढळली नाही. प्रकरण बंद.'

कुबडी टेकत गंगाबाई कार्यालयात आल्या. "काय हो राव, गटाराचं काय झालं?"

"अम्मा, कागदावर तुमची तक्रारच नाही."

"अय्यो! मी दिली होती की!"

"दिलीत. आम्ही ती आत घेतली. फार आत."

विनुताला त्यांच्या पायाकडे बघवेना. "सर, गटारावर एक फरशी तरी टाकू या?"

"टाकू की. तक्रार येऊ दे."

पुढच्या महिन्यात अनुकरणीय मांडणीबद्दल वेंकटरावांचा सत्कार झाला. सगळी गल्ली गटाराला वळसा घालून हजर होती. सत्काराच्या फोटोत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे ते आपणच ना, वाचकहो? चेहरा ओळखीचा वाटला.