तिडके सरांनी नाकारलेली जागा

तिडके सरांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी नेहमी शेळीच्या लेंड्या असत. अंबाजोगाईच्या आमच्या महाविद्यालयात ते भूगोल शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. मुले पाठीमागे त्यांना ‘लेंडीसर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. “बरोबरच हाय की. पुरावा खिशात ठेवनारा मास्तर दुसरा कोण हाय?” एवढेच ते म्हणत.

खडी केंद्राच्या धुळीचा माळावरच्या गवतावर काय परिणाम होतो, हे आम्ही दोघे अभ्यासणार होतो. अशा अभ्यासाला दोन जागा लागतात: एक धुळीतली, दुसरी तुलनेची. माती, उतार, चराई सारखी हवी. फरक केवळ धुळीचा. चराईचा अंदाज घ्यायला सर जमिनीवर चौकट टाकून लेंड्या मोजत. एकदा एक लेंडी फोडून, हुंगून म्हणाले, “ही शेळी लग्नाच्या मांडवात जाऊन आलती. पत्रावळ खाल्ली हाय. जागा बाद.” तुलनेच्या अशा सात जागा बाद झाल्या.

आठवी नांदूरघाटजवळची. माती तीच, उतार तोच, लेंड्याही जुळल्या. सर मात्र उताराखालच्या एकुलत्या झोपडीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“जमत न्हाई, सर,” ते मला म्हणाले.

“कारण?”

“लई वारं हाय.”

वाऱ्याचा निकष आमच्या यादीत नव्हता. मी त्यांना यादी दाखवली, ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घेतली आणि चराई थांबवायला दोन्ही जागांना दोन पावसाळ्यांसाठी तारेचे कुंपण घातले.

गवत गुडघ्याएवढे झाले. श्रावणातल्या एका रविवारी मी सरांना न कळवता नांदूरघाटच्या जागेवर उंची मोजायला गेलो. कुंपणाबाहेर सरांची मोटारसायकल उभी होती. मागे सुबाभळीच्या पाल्याचा भारा. झोपडीतली म्हातारी त्याची दोरी सोडत होती.

“माज्या शेळ्या हितंच चरायच्या, सायेब,” ती मला म्हणाली. “तार आली तवा चौदा हुत्या. पाच राहिल्यात. ह्ये सर दर आयतवारी पाला आणतेत, म्हनून तेवढ्या तरी. कुण्या मास्तरानं घातली म्हनं तार, गवत मोजाया. तुमी वळखता का त्याला?”

मी सरांकडे पाहिले. ते दोरीच्या गाठीत गुंतले होते.

“मावशी, त्यो लांबचा हाय,” ते म्हणाले. “सर, भाऱ्याला जरा हात लावा.”

मी हात लावला. माझ्या वहीत त्या रविवारची उंची नोंदलेली नाही.