आपत्कालीन दुधी

गच्चीवरच्या भाज्या पुराच्या दिवसांसाठी आहेत.
आपत्ती आल्याशिवाय तोडू नयेत.
— अध्यक्ष

अध्यक्ष म्हणजे श्यामसुंदरराव. सोसायटी मुठेच्या काठावर. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी शिरलं, तेव्हापासून त्यांना नळाच्या आवाजानेही धडकी भरे. त्यांनी गच्चीवर दुधी-वांगी लावून घेतली. भोंगा बसवला. पोरांनी ओढू नये म्हणून त्याची दोरी दुधीच्या मांडवात उंच बांधली.

मग दुधी चोरीला जाऊ लागले. अध्यक्षांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. दुधी जातच राहिले.

भोंगा एकदा : सराव.
तीनदा : नदीचं पाणी. सर्वांनी गच्चीवर यावे.
— अध्यक्ष

पावसाचा तिसरा दिवस. खडकवासल्यातून पाणी सोडल्याचा मेसेज येऊन गेला होता. श्यामसुंदरराव दाढी करत होते.

भोंगा वाजला.

सराव तर ठरला नव्हता.

पुन्हा वाजला.

रेझर बेसिनमध्ये पडला.

पुन्हा.

"उल्का! अगं, वर चल!"

स्वयंपाकघरात कोणी नाही. उल्काताईंच्या चपलाही नाहीत. भाजी आणायला खाली गेली असणार! तेवढ्यात जिन्यातल्या गर्दीने त्यांना वर ढकलत नेलं.

गच्चीच्या दाराशी सगळे अडले.

"चावी काढा, अध्यक्ष," शेजारचे सीतारामपंत म्हणाले. "की तीही आपत्ती आल्याशिवाय काढायची नाही?"

चावी हातात होती. कुलूपच नव्हतं. दार मात्र पलीकडून कडी लावलेलं.

"काका, आत कोणीतरी आहे," कॉलेजात जाणारी तनया कुजबुजली.

"असू दे! दार तोडा. उल्का खाली राहिली."

"काका, खाली नका जाऊ! पाणी असेल!"

ते निघालेच. कठडा धरून, एकेक पायरी पायाने चाचपत. पहिल्या मजल्यावर तळव्याला गार, ओलं काहीतरी लागलं. ते किंचाळले.

पायपुसणं होतं.

पार्किंगमध्ये पाणी नव्हतं. उल्काही नव्हती. आता ते खरे घाबरले.

वर कडी निघाली. दारात उल्काताई. कमरेला दुसरी चावी, काखेत दुधी.

"एवढी गर्दी कसली? हा मेला निघता निघेना. तीन हिसके दिले तेव्हा आला."

मांडवात भोंग्याच्या दोरीला दुधीच्या वेलाचा घट्ट विळखा होता.

"वहिनी, म्हणजे रोज तुम्हीच?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मग काय जून होऊ द्यायचे? यांना दुधी लागतो."

"तरीच," सीतारामपंत म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात, हल्ली मंडईत दुधी फार कोवळा मिळतो."

श्यामसुंदरराव धापा टाकत वर आले. अर्ध्या गालावर साबण तसाच. त्यांनी बायकोचा दंड घट्ट धरला.

"तू... वरच होतीस?"

"हो. अहो, दाढी अर्धीच राहिली तुमची!"

ते पायरीवर बसले. मग त्यांचं लक्ष दुधीकडे गेलं. कालची भाजी आठवली. परवाची आठवली. त्याआधीचा हलवाही.

दुपारी पाटी बदलली :

आपत्ती येऊन गेली. भाज्या तोडाव्यात.
— अध्यक्ष

खाली खडूने, सीतारामपंतांच्या अक्षरात : अध्यक्षांना पुरेशा मिळाल्या आहेत.