वडगावातले तीनशे बारा गुन्हेगार

टिळकवाडीचे मारुतीराव स्वतःची ओळख करून देताना मध्ये श्वास घेत नसत. निरीक्षण, अनुमान आणि अंतर्ज्ञान या तिन्ही शाखांत पारंगत असा सीमाभागातला एकमेव खाजगी गुप्तहेर, एवढं एका दमात सांगून ते समोरच्याच्या चेहऱ्यावर काय परिणाम झाला ते बघत. बहुधा काही होत नसे. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पुष्कळ प्रकरणं हाती घेतली होती, आणि त्यांनी सोडल्यावर ती सगळी सुटली होती. ही गोष्ट फक्त त्यांचा मेहुणा रवळू याच्या ध्यानात आली होती. पण रवळूकडे स्कूटर होती आणि मारुतीरावांच्या घरात त्याची बहीण, त्यामुळे तो गप्प बसून गाडी चालवी.

त्या दिवशी वडगावच्या सुबरावांनी बोलावलं. त्यांचे यंत्रमाग, आणि साड्यांच्या काठपदरांची सगळी डिझाइनं मागाशेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. सुबरावांच्या कैलासवासी वडिलांनी हातानं काढलेली नक्षीही त्यातच चढवलेली, मूळ कागद वाळवीनं खाल्लेले. निपाणीचा व्यापारी लग्नसराईची डिझाइनं बघायला संध्याकाळी येणार होता, आणि सकाळपासून कॉम्प्युटर सुरू केला की पडदा लाल होऊन भोंगा वाजत होता.

पडद्यावर ढाल-तलवार होती. खाली लिहिलं होतं, ‘महारक्षक. आपल्या संगणकात ३१२ व्हायरस घुसले आहेत. पूर्ण संरक्षण ताबडतोब विकत घ्या, अन्यथा सर्व नष्ट होईल.’ कुठलंही डिझाइन उघडायला गेलं की हा महारक्षक आडवा येई.

मारुतीरावांनी भिंग काढून आधी माऊस तपासला, मग त्याची शेपटी. शेजारच्या खासबागेत धंद्यातला कुणी वैरी आहे काय, असं विचारलं. सुबराव म्हणाले, एक चुलतभाऊ आहे, पण त्याला कॉम्प्युटर चालू करता येत नाही. "म्हणजे तोच," मारुतीराव म्हणाले. "येत नाही असं दाखवणाऱ्यालाच सगळं येतं."

चुलतभावाला फोन लावला, तर तो हुबळीच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला. मग मारुतीरावांनी सीमाप्रश्नाला हात घातला. तीनशे बारा जण एकदम आत शिरले, म्हणजे नाक्यावर कुणीतरी डोळेझाक केली. आता ते कोगनोळीवरून आले की चंदगडच्या बाजूनं, यावर ते बराच वेळ बोलले. सुबराव मान डोलवत होते.

रवळूनं सुचवलं की कॉम्प्युटर रोज सुबरावांच्या पत्नी मंगलवहिनी चालवतात, त्यांना विचारू या. मारुतीरावांनी त्यांना चहाचं विचारलं. मंगलवहिनी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघून काहीतरी बोलायला लागल्या, तर गुन्ह्याच्या जागी गर्दी नको म्हणून त्यांना परत मागावर पाठवलं गेलं.

मग मारुतीराव खुर्चीत मागं रेलून महारक्षकाकडे कौतुकानं बघत राहिले. "तपास असा पाहिजे. एका मिनिटात तीनशे बारा. रवळू, हा माझ्याच पठडीतला."

रवळूला दाजींचं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा पटलं.

पूर्ण संरक्षण घ्यायचं ठरलं. सुबरावांनी बँकेचं कार्ड काढलं आणि मारुतीराव त्यावरचे आकडे मोठ्यानं वाचू लागले. रवळूला राहवेना. तो मागावर गेला आणि म्हणाला, "वहिनी, कार्ड निघालंय."

माग थांबला. मंगलवहिनी आल्या, त्यांनी कार्ड उचलून कमरेला खोचलं आणि नेटची वायर उपटली. "ह्यो महारक्षक आमच्यात आला कवा, ते आधी सांगा."

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये चालू केला, म्हणजे गरजेपुरतंच काय ते सुरू होतं. भोंगा वाजला नाही. मग आत कुठला प्रोग्राम कधी बसला ते त्यांनी उघडून बघितलं. महारक्षक शुक्रवारी आला होता. शुक्रवारी त्या माहेरी होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. सुबरावांनी फरशीकडे.

"नेटवर फुकटात कुस्ती बघाय गेलतो," ते हळूच म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात हाय, हितं दाबा, असं आलं. दाबलो."

"म्हंजे चोराला तुम्हीच आत घेतलासा. आन् आता त्योच सांगतोय, घरात चोर हाईत."

त्यांनी महारक्षकाला काढून टाकलं. कॉम्प्युटरचा स्वतःचा अँटिव्हायरस होता, त्याला महारक्षकानं बंद करून ठेवलं होतं. तो चालू करून सगळं तपासलं. तीनशे बारांतला एकही सापडला नाही. महारक्षकाचेच दोन तुकडे मागं राहिले होते, तेही गेले. मग सासऱ्यांचं कोयरीचं डिझाइन उघडलं. सुबराव त्याच्याकडे बघत राहिले आणि बाहीनं डोळे पुसून उगाच मागाला तेल घालायला गेले.

खोटा आहे हे कशावरून ओळखलंत, असं मारुतीरावांनी अगदी पडलेल्या आवाजात विचारलं.

"खरा असता तर धरून टाकून मोकळा झाला असता, अण्णा. ह्यो नुसता भ्या घालून कार्ड मागतोय."

परतीच्या वाटेवर मारुतीरावांनी सांगितलं, की आपल्याला रक्षकाचाच पहिल्यापासून संशय होता आणि कार्ड हा सापळा होता. रवळू व्हय म्हणाला. टिळकवाडीचं रेल्वे फाटक पडलेलं होतं. मालगाडी जात असताना मारुतीराव त्याच्या कानाशी वाकले आणि मंगलवहिनी रविवारी आपल्याकडे येतील काय, असं विचारलं. रवळूनं कारण विचारलं. मारुतीरावांनी शेवटचा डबा जाऊ दिला.

"घरच्या कॉम्प्युटरला महारक्षकाची तीन वर्षांची वर्गणी भरलीय मी. तुझ्या आक्काला सांगू नकोस. रोज सकाळी चारशे-साडेचारशे गुन्हेगार धरतो. मला वाटायचं, माझं नाव ऐकून येत असतील."