गाडीचं माप घेणारी रत्नाक्का

रत्नाक्का गाडीचं माप घेते तेव्हा आधी गाडीला दम देते. "सरळ हुबी ऱ्हा. हलू नगंस." गळ्यात टेप, कानामागं खडू. समोरची जीप मुळात हलतच नसते, पण सवय! मग दारावर खडूनं गोल आखायचा आणि मालकाला विचारायचं, "गळा केवडा काढू?" गळा म्हणजे स्पीकरचं भोक. मालक आवंढा गिळतो.

कवठे महांकाळला तिचं कार साउंडचं दुकान आणि माझं मेडिकल यांच्यात भिंत एकच. पलीकडं तिनं आवाज लावला की माझ्याकडं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फळीच्या कडेला सरकायला लागतात. एकदा तणतणत गेलो. "आक्का, बाटल्या फुटतील माझ्या!" तर शांतपणे म्हणते कशी, "तुमच्या फळ्या ढिल्या हायती डॉक्टर. फिनिशिंगच न्हाई." मी डॉक्टर नाही, औषधं विकतो, हे सांगून माझी जीभ झिजली. संध्याकाळी मात्र स्वतः हातोडी घेऊन आली आणि सगळ्या फळ्या ठोकून गेली. बाईवर नीट रागावताही येत नाही.

मूळची ती लेडीज टेलर. नवरा मिलिटरीत होता, तो वारला. मशीन चालवून तिनं विकासला, एकुलत्या एका पोराला, इंजिनियर केला. मग बायका रेडिमेड घालायला लागल्या आणि आक्का गाड्यांची सीटकव्हरं शिवायला लागली. तिथंच घोळ झाला. कव्हर बसवताना तिला एका गाडीचं उघडं दार दिसलं. आत स्पीकरच्या वायरी लोंबत होत्या. "आवं, परकराच्या नाड्या बऱ्या! लोकं याचं पैसं घेत्यात?"

झालं. बाई सांगलीला एका दुकानात जाऊन बसली. तिथली पोरं आधी हसली, मग शिकवायला लागली. उरलेलं मोबाईलवरच्या हिंदी व्हिडिओंवरनं. पाटीवरचं 'लेडीज टेलर्स' पुसून तिथं 'कार साउंड' लिहिलं, पण शेजारचं ब्लाऊजवालीचं चित्र तसंच ठेवलं. का, तर चेहरा चांगला आलाय!

दुकान थाटलं, पण गाडी येईना. लोक सीटकव्हर तिच्याकडनं करून घ्यायचे आणि साउंड लावायला सांगलीला जायचे. ती एकेकाला धरून विचारायची, "तुमच्या बायकांच्या शालूला कात्री लावली तवा न्हाई भ्यालासा. पत्र्याला भेताय व्हय?" लोक हसायचे. गाडी मात्र कुणी देत नव्हतं.

तिकडं पुण्याहून विकास फोनवर मागं लागलेला. "आई, दसऱ्यापर्यंत बघ. एक गाडी जरी आली तरी मी गप्प बसतो. नाही आली तर दुकान बंद कर आणि इकडं ये." आक्का मला म्हणायची, "त्याला लाज वाटती वो डॉक्टर. आई भोकं पाडती म्हणून. आन् मी पुण्यात जाऊन करू काय? बाराव्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बगू?" बोलताना हसायची, पण हातातला स्क्रू घट्ट बसला तरी पिळतच राहायची.

दसरा तोंडावर आला. एका सकाळी आमच्या हिनं माझ्यासमोर गाडीची किल्ली आपटली. "माझ्या लग्नातलं ब्लाऊज आक्कांनी शिवलं होतं. एक टाका उसवला नाही. द्या गाडी!" माझी गाडी जुनी, पण जीव की प्राण. चेहरा पाडून दिली.

पुढं जे झालं ते शिंप्याकडं कापड टाकलेल्या कुणालाही माहीत आहे. "उद्या या." उद्या गेलो तर "परवा या." चारी दारं उसवून ठेवलेली. तिसऱ्यांदा भडकून गेलो तर म्हणाली, "झालंच. काजं-बटनं तेवडी ऱ्हायल्याती." गाडीला काजं-बटनं! मी कपाळावर हात मारला.

पण काम बघितलं आणि राग विसरलो. तिनं आधी दार आतून दाखवलं. प्रत्येक वायर कापडाच्या नळीत शिवलेली, कुठं सुरकुती नाही. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

मग म्हणाली, "चला, ट्रायल." मागं बसली, डोळे मिटले. मी नागज फाट्याच्या रस्त्याला लागलो आणि गाणं लावायला गेलो. "गाणं नगं. गाण्यात लय लबाडी खपती. माणसाचं बोलणं कसं ऐकू येतंय बगू." तिनं स्वतःचा फोन गाडीला जोडला आणि विकासला लावला.

"बोल आई." विकास चारी दारांतनं बोलला. मीसुद्धा दचकलो.

"पयली गाडी झाली रं. डॉक्टरांची. गाडीतनंच बोलतीया, तेबी हायतीच."

"अरे वा! भारी, आई!" तो हसला. "म्हणजे... आता तू येत नाहीस."

साध्या फोनवर नुसतं हसू ऐकू आलं असतं. इथं हसू संपल्यावरचा श्वासही आला. त्याच्या घरात पंखा फिरत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता. मग त्यानं हळूच नाक ओढलं.

आक्कानं डोळे उघडले. "घरात कोण हाय?"

"कोण असणार? कामावरनं आलो की कुलूप काढायचं, लाईट लावायचा. तू आलीस तर... जाऊ दे."

"मला वाटलं, तुला माझ्या दुकानाची लाज वाटती."

"लाज? ऑफिसात सगळ्यांना तुझ्या पाटीचा फोटो दाखवलाय मी!"

"मग हे आदी का न्हाई बोललास रं?"

"तू दुकानाचं इतक्या आनंदानं सांगायचीस. काय बोलू?"

पदरानं तोंड पुसलं रत्नाक्कानं. गाडी बाजूला घेऊन उतरावं असं वाटलं, पण तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. चालू द्या, असा.

"दुकान मी सोडत न्हाई," ती म्हणाली. "पर दसऱ्याला तू हितं ये, दिवाळीला मी तिकडं येती. आन् रोज कुलूप काढलं की मला फोन लावायचा. लाईट लावायच्या आदी. कळलं?"

"हो."

"आता सांग. आज काय शिजवलंस?"

तो सांगायला लागला. खिचडी करपली होती म्हणे. मग शेजारच्यांचं, मग साहेबाचं. नागज फाटा आला. परत वळायचं म्हणून मी गाडी हळू केली.

"वळू नगा डॉक्टर," आक्का दबक्या आवाजात म्हणाली. "बोलतोय त्यो."

मी गाडी सरळ पुढं घेतली. "आवाज कमी करू का जरा?"

"नगं. हाय तेवडाच ऱ्हाऊ द्या."