झोपेत भिजवलेली मटकी

गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण नाश्ता म्हणजे माणूस बसून खातो तो, अशी मीनाची समजूत होती, आणि रेवा झाल्यापासून तिनं बसून काही खाल्लं नव्हतं. उभ्या उभ्या पोळीचा तुकडा, तोही रेवानं आधी चोखलेला. एवढ्यावर औषध घ्यायचं म्हणजे डॉक्टरांची फसवणूकच. म्हणून तिनं आपल्या अखत्यारीत एक छोटासा निर्णय घेतला. गोळी रात्री, झोपताना.

गोळी तशी साधीच, बी कॉम्प्लेक्सची. रक्ताच्या रिपोर्टात बी ट्वेल्व्ह पार तळाला गेलेलं निघालं होतं. थकवा होता, चिडचिड होती. (चिडचिड रिपोर्टात नव्हती; ती हर्षलनं डॉक्टरांना तोंडी सांगितली.)

आणि मग स्वप्नं सुरू झाली.

लोकांना स्वप्नात समुद्र दिसतो, हत्ती दिसतात, कुणी कुणी तर उडतं. मीनाला मटकी दिसली. निळसर उजेडात ती पातेल्यात पाणी ओतत होती, आणि एकेक मटकी हळूच वर तरंगत येऊन, तिच्याकडे बघून, समाधानानं खाली जात होती. इतकं निवांत तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सकाळी ती प्रसन्न चेहऱ्यानं उसळ करायला गेली, तर मटकी डब्यात, ठणठणीत कोरडी.

"अरे, मी भिजवली होती," ती म्हणाली.

"कशात?" हर्षलनं विचारलं.

"पातेल्यात. तांब्याच्या."

"आपल्याकडे तांब्याचं पातेलं नाहीये, मीना."

पुढे हे वाढतच गेलं. धुणं वाळत घातलेलं असे, ते झोपेत. गॅसचा नंबर लावलेला असे, तोही झोपेत, आणि पलीकडची बाई तिच्याशी फार प्रेमानं बोललेली असे. प्रत्यक्षात सिलिंडर संपायचा. पण गंमत अशी, की मीनाला राग येईना. रात्रीच्या त्या कामांचा एक मऊ उजेड दुपारपर्यंत तिच्या अंगावर रेंगाळत राही. दूध उतू गेलं तरी ती गुणगुणत ओटा पुसायची. हर्षल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. तिथून दमूनभागून आला की बायको हसून दार उघडायची. चिडचिड गेली म्हणजे नक्की कुठे गेली, हे विचारण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

खरा घोर वेगळाच होता. दिवाळीची सुट्टी संपली की सोमवारपासून मीनाला शाळेत रुजू व्हायचं होतं. रजा होती तेवढी वापरून झाली होती. रेवाला सांभाळायला एकच माणूस होतं: सासूबाई, भागीबाई. त्या दिवाळीआधी घोटीहून आल्या होत्या खऱ्या, पण तिकडे भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, तोंडावर आली होती. त्यांना 'राहा' म्हणायचं होतं. मीना बाथरूममध्ये नळ सोडून त्या वाक्याची तालीम करायची. 'राहाल का' म्हटलं की भीक मागितल्यासारखं वाटे, 'राहा ना' म्हटलं की लाडीगोडी, आणि 'राहायला हवं' म्हणजे तर सरळ ऑर्डर. वर्गभर पोरांना 'उभं राहून मोठ्यानं बोल' म्हणणारी बाई, आणि एक वाक्य काही तोंडातून निघेना.

ते एका रात्री निघालं.

सासूबाई झोपाळ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. खिडकीखालून गोदावरी संथ वाहत होती. मीना जवळ गेली नि अगदी सहज म्हणाली, "आई, तुम्ही रेवाजवळ राहाल?" सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "माझी लेकच तू. खुशाल नोकरी कर." लसणाची सालं पांढऱ्या पाखरांसारखी नदीवर उडाली.

मीना उठली ती तरंगतच. आता घरात झोपाळा नाही, आणि खिडकीखाली गोदावरी नसून सोसायटीचं पार्किंग आहे, याचा तिला संशय यायला हवा होता. पण चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतं? तिनं मुख्याध्यापिकांना 'सोमवारी हजर होते' असा मेसेज केला. (हा मात्र जागेपणी.) साड्यांना इस्त्री केली. सासूबाईंकडे बघून ती येता-जाता कृतज्ञतेनं हसत राहिली.

रविवारी सकाळी सासूबाई पिशवी भरताना दिसल्या.

"आई, हे काय?"

"घोटीला निघाले. सोंगणी आलीय ना."

"पण तुम्ही राहते म्हणालात."

"मी? कवा?"

"परवा. झोपाळ्यावर..."

"कुठल्या झोपाळ्यावर गं?"

शेवटी सगळं सांगावं लागलं. गोळी, मटकी, सालांची पाखरं. हर्षल मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "बी सिक्स असतं म्हणे त्यात. झोपताना घेतलं तर काहींना स्वप्नं जास्त ठळक आठवतात."

"आणि मूड?"

"त्याचं दोन्ही बाजूंनी लिहिलंय. डॉक्टरांनाच विचारू."

सासूबाई पिशवीशेजारी खाली बसल्या. "मी म्हटलं, पोरगी लय हसती आताशा. गाणी म्हणती. दूध उतू गेलं तरी हसती. सावरली म्हटलं, आता आपलं काय काम हितं?"

"मी सावरले नाहीये, आई," मीना म्हणाली. "मी झोपेत आहे." आणि तालमीतलं एकही वाक्य न आठवता, नाक ओढत तिनं विचारलं, "तुम्ही राहाल का?"

सासूबाईंनी पिशवी पुढ्यात ओढली. मग घडी केलेलं लुगडं त्यांनी पिशवीतून सावकाश बाहेर काढलं. "एवढंच होतं तर तोंडानं इचारायचं. मला काय सपान पडणार होतं? सोंगणीचं हर्षलचा भाऊ पुंजा बघंल. धाकटा असला तरी हात चालतो त्याचा." लुगडं मांडीवर ठेवत त्या म्हणाल्या, "सपनातली मी काय म्हणली म्हणालीस?"

"माझी लेकच तू, म्हणालात. केसांवरून हात फिरवलात."

"एवढी चांगली नाय मी." त्यांनी विचार केला. "त्यातली एक गोळी मलाबी दे आज. बघू तरी कशी दिसती ती सासू."

हर्षलनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सासूबाईंना एक घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि मीनाला सकाळी म्हणजे सकाळीच, असं दोनदा बजावलं.

सोमवारी मीना इस्त्रीची साडी नेसून दारात उभी होती. सासूबाईंच्या कडेवर रेवा, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर मीनाच्या ओळखीचा तो मऊ उजेड. मीनाला उगाच आशा वाटली.

"आई, पडलं का स्वप्न?"

"पडलं की. लय ठळक."

"मी होते त्यात?"

"होतीस ना," सासूबाई लांब कुठेतरी बघत प्रेमानं म्हणाल्या. "भांडी घासत होतीस."

"आणि?"

"आणि काय, मी परत घासली."