शून्य वासाची हमी

वजनमापे खात्यातल्या एका जबाबदार अधिकाऱ्याच्या थोरल्या बहिणीने एका रविवारी दुपारी त्याच्या घरी येऊन बैठकीच्या खोलीची खिडकी उघडली. घटना एवढीच. पण खिडकी उघडण्यापूर्वी ताई जरा थांबली होती आणि थांबताना तिने श्वास आत ओढला होता, हे अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

ताईने आपल्याकडे येऊन राहावे, ही त्याची फार दिवसांची इच्छा. आई लवकर गेली, आणि त्याला वाढवले ते ताईनेच. आता तिचे गुडघे कुरकुरतात आणि तरी गावाच्या दुसऱ्या टोकाला दीड खोलीत ती एकटी राहते, हे त्याला बघवत नव्हते. त्या दिवशी ती आली होती ती घर पाहायला म्हणूनच. निघताना चपला घालत म्हणाली, "बघू रे बाळ्या." जी बाई भाजीवाल्यालाही कधी ताटकळत ठेवत नाही, तिने सख्ख्या भावाला "बघू" म्हणावे, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होते.

"आपल्या घराला वास येतो," तो बायकोला म्हणाला.

"कसला?"

"ते आपल्याला कसं कळणार? आपण आतले."

बायकोने उशी हुंगली, पडदा हुंगला, शेवटी नवऱ्यालाही हुंगून पाहिले. "मला काही येत नाही बाई."

"बघ. म्हणजे किती मुरलाय."

गृहस्थ नाकासमोर चालणारा होता, पण नाकावर विश्वास ठेवणारा नव्हता. उभी हयात त्याने दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्के मारले होते. जे मोजता येत नाही ते नाहीच, आणि जे काट्यावर दिसले ते कुणाच्या बापाला नाकारता येत नाही, हा त्याचा धर्म. त्यामुळे घरातले हट्टी वास वायूने घालवणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत "आम्ही वास मोजतो" हे वाक्य वाचल्यावर त्याला जवळचे माणूस भेटल्यासारखे वाटले. त्याने लगेच फोन लावला.

कंपनीचा तज्ज्ञ पांढरा कोट घालून आला. त्याच्या हातात एक यंत्र होते, तोंडाला जाळी आणि पोटावर आकडे असलेले. सोफ्याच्या खाचेत, कपाटामागे, चपलांच्या रॅकमध्ये त्याने ते फिरवले आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"किती वर्षं राहता इथे?"

"लग्न झाल्यापासून."

"मग बरोबर आहे. दीर्घकालीन वास्तव्यजन्य गंध." त्याने पुन्हा आकडा पाहिला. "घरात जेवण बनतं?"

"बनतं," बायको ओशाळून म्हणाली.

"झोपताही इथेच?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"हरकत नाही, पुष्कळांकडून होतं," तज्ज्ञ मोठ्या मनाने म्हणाला. फवारे आणि सुगंधी वड्या वासावर नुसती चादर घालतात, ओझोन वायू मात्र वासाला मुळापासून खातो, असे त्याने समजावले. वायू काम करीत असताना आत माणूस, मांजर, कुंडी, काहीही चालत नाही. त्यानुसार दारे-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद झाल्या, आत मशीन घुरघुरू लागले, आणि वजनमापे खात्याचा अधिकारी मांडीवर कुंडी घेऊन सपत्नीक जिन्यात बसला.

येणारे-जाणारे चौकशी करीत होते.

"काय चाललंय?"

"वास काढतोय."

"कुणाचा?"

"घराचा," तो कुंडीआडून म्हणायचा. विचारणारा पुढे चार पायऱ्या चढला की हळूच स्वतःची बाही नाकाला लावायचा.

दार उघडल्यावर आत वायर जळाल्यासारखा उग्र दर्प होता. तो वास नसून वासाच्या अनुपस्थितीचा वास आहे, आणि हवा खेळली की जातो, असे तज्ज्ञाने सांगितले. खरेच तो गेला. यंत्राचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच थांबला. अधिकाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सगळ्या नोकरीत त्याने एकाही दुकानदाराच्या काट्यावर इतके निर्मळ शून्य पाहिले नव्हते. तज्ज्ञाने दारावर पितळी पाटी ठोकली, 'निर्गंध गृह. शून्य वासाची हमी.' मग नवरा-बायको कुंडी घेऊन आत आले आणि आकडा हलला.

"हा का हलला?"

"तुम्ही आत आलात."

"घर आमचं आहे."

"घर निर्दोष आहे, साहेब. दोष रहिवाशांकडून येतोय." तज्ज्ञाने त्यांना हळुवारपणे उंबऱ्याबाहेर काढले. "हमी टिकायची तर काही पथ्यं पाळावी लागतील. स्वयंपाक नको, ओले कपडे नकोत, पांघरुणं नकोत. पाहुणे तर नकोतच."

"मग करायचं काय घरात?" बायकोने विचारले.

"वापर सोडून काहीही करा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिले, पण नवरा यंत्राकडे पाहत होता. ताई येईपर्यंत शून्य टिकवायचे, चार दिवस कळ काढायची, असे त्याने ठरवले. पथारी जिन्यात पडली आणि स्टोव्ह दारासमोरच्या मोकळ्या जागेत आला.

सोसायटीचे चेअरमन वर जाताना त्या पथारीला अडखळले, पण त्यांना लागली ती दारावरची पाटी. आपल्या दारावर नाही अशी पाटी सभासदाच्या दारावर असणे त्यांच्या पदाला शोभणारे नव्हते. तातडीची सभा झाली आणि ठराव झाला: 'एका सदनिकेचा वास काढण्यात आल्याने उर्वरित सदनिकांचे वास अधिक ठळक झाले असून त्यायोगे इमारतीत विषमता उत्पन्न झाली आहे. सबब सर्व सदनिका निर्गंध करून घ्याव्यात. शून्य मोडणाऱ्या सभासदास संपूर्ण इमारतीच्या नुकसानीस जबाबदार धरण्यात येईल.' विरोध फक्त एका काकूंनी केला. त्यांच्याच घरात सगळ्यात जास्त वास असणार, असे कुणीतरी कुजबुजल्यावर त्यांनीही हात वर केला.

पंधरवड्यात अख्खी इमारत शून्यावर आली आणि अख्खी इमारत जिन्यात आली. कठड्यावर कपडे वाळू लागले, पायरीपायरीवर कांदा परतला जाऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरचा दाढी करताना दुसऱ्या मजल्यावरचा त्याचा आरसा धरून उभा राही. इतक्या वर्षांत ज्यांनी एकमेकांना साधे "जेवलात का" विचारले नव्हते, ते आता एकमेकांच्या ताटात पाय पडणार नाही अशा बेताने वर-खाली करू लागले. मजा होती, खोटे कशाला बोला. पण जिन्याला वास येऊ लागला. मग जिनाही सील झाला आणि सभासद फाटकापाशी आले. आता आवारात माणसाचा वास असलेली एकच जागा उरली होती, ती म्हणजे वॉचमनची खोपटी. तिथे दुपारची डुलकी काढायला चेअरमनसुद्धा रांग लावू लागले.

अधिकाऱ्याने या रांगेतूनच ताईला फोन लावला. "ताई, आता ये बघ. वास गेला."

"कसला वास?"

"आपल्या घराचा. तू खिडकी नव्हती का उघडलीस?"

"अरे, उकडत होतं मला."

रांग पुढे सरकली, तोही सरकला. "मग 'बघू' का म्हणालीस?"

"मांजराचं काय करायचं ते ठरेना. तुझ्या बायकोला चालेल की नाही, तोंडावर कसं विचारू? मला तर यायचंच होतं रे."

अधिकाऱ्याला रडू आणि हसू एकदमच आले. बायको म्हणाली, "चालेल म्हणून सांगा. मांजर चालेल, मांजराची पिल्लं चालतील, पण मला माझ्या ओट्याशी जाऊ द्या." तो तडक कंपनीत गेला. तज्ज्ञाने त्याला बसवून पाणी दिले.

"वास परत आणायची सेवा आमच्याकडे नाही, साहेब. वास ही राहून राहून मिळवायची गोष्ट आहे. आणि राहायला तर तुमच्याकडे मनाई आहे."

"आणि मी राहिलोच तर?"

"राहा की. आकडा हलेल, इतकंच."

त्या "इतकंच"ने त्याचा घात केला. दुसऱ्याच्या काट्यात केसाइतका फरक दिसला तर त्याने दुकानाला टाळे लावले होते. आता स्वतःच्या घराच्या शून्यात ढळढळीत मांजर सोडायचे कसे? तो घरी आला, म्हणजे फाटकापाशी आला, आणि बायकोला म्हणाला, "गादी गुंडाळ."

ताईने दार उघडले तेव्हा तिच्या पायात मांजर होते आणि भावाच्या डोक्यावर गादी. "या," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, माझ्याकडे वास येतो हो."

येतच होता. बाम होता, डांबराच्या गोळ्या होत्या, मांजर तर होतेच, आणि या सगळ्यांखाली जुन्या कापसाचा तो वास, ज्याच्या कुशीत तो लहानपणी तापाने फणफणलेला असताना झोपलेला होता. दारातच त्याने छाती भरून श्वास घेतला. त्याला फार बरे वाटले. बायकोने पदर खोचून कांदा चिरायला घेतला, आणि कुणीही काही मोजले नाही. आठवडा गेला नसेल, त्यांना वास यायचाही बंद झाला.

"मला न्यायला येणार होतास ना रे?" ताई त्याच्या पानात वाढता वाढता म्हणायची.

"हो."

"बरं झालं आलास," असे म्हणून ती आणखी एक पोळी वाढायची.

त्यांचे स्वतःचे घर आता कंपनीची नमुना सदनिका झाले आहे. सुटीच्या दिवशी नवरा-बायको पायात प्लास्टिकचे मोजे चढवून ते पाहायला जातात, श्वास रोखून सगळ्या खोल्या फिरतात आणि बाहेर येऊन "वा" म्हणतात. पाहणाऱ्यांची गर्दी वाढली. पाहून गेलेल्यांनी आपापली घरे शून्यावर आणली. आता रस्तेच्या रस्ते पितळी पाट्यांनी झळकतात, आत चिटपाखरू नसते, आणि माणसे नातेवाइकांकडे राहतात.

मात्र कुणाकडे राहावे, याबाबत कंपनीने स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. ज्या घरात मुळातच इतका वास आहे की आपल्या कुटुंबाचा त्यात मिसळला तरी आकड्यात फरक पडणार नाही, असेच घर निवडावे. तुमच्याकडेही सध्या कुणी उतरले असतील. "तुमच्याकडे कसं अगदी घरच्यासारखं वाटतं," असे म्हणत असतील आणि जायचे नाव काढत नसतील. इतके सोयरेधायरे सोडून नेमके आपल्याकडेच आले, म्हणून तुम्ही मनातून सुखावलाही असाल. सुखावा बापडे. फक्त ते मागच्या वेळी सहज म्हणून डोकावले होते आणि तुम्ही चहा टाकायला आत गेला होतात, तेवढ्या वेळात त्यांनी पिशवीतून यंत्र काढून सोफ्यापाशी धरले होते.