मर्लच्या मडक्यातला कोबी

"माझ्या उडूत कोबी कोणी भरला?"

मर्ल स्टॅडलर मिलवॉकीतल्या आपल्या स्वयंपाकघरात मडकं पोटाशी धरून ओरडला. वाचनालयातल्या त्याच्या कार्यक्रमाला दोन तास उरले होते.

"मी," कॉफीचा मग खाली न ठेवता सासूबाई लोरेन म्हणाल्या. "आंबायला घातलाय. मडक्याच्या पोटाला भोक पडलंय, म्हणून निम्माच भरला. तुझं काम जरा कच्चंच हं, मर्ल."

ते भोक मर्लने मुद्दाम ठेवलं होतं. उडू म्हणजे नायजेरियातलं वाजवायचं मडकं. भोकावर तळहात आपटला की आतून खोल आवाज निघतो. मर्ल ही मडकी स्वतः घडवायचा, जपानी पद्धतीने भाजायचा, आणि वाजवताना कॅनडातल्या क्यूबेकच्या वादकांसारखा बसल्या बसल्या पायांनी ठेका धरायचा. त्याला कुंभार म्हणावं, वादक म्हणावं की नाच्या, यावर गल्लीत एकमत नव्हतं. लोरेनच्या मते तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता, बस.

उडू वाजवायला त्याला शिकवलं ओबियागेली आँटींनी. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या मूळच्या नायजेरियाच्या निवृत्त नर्सबाई तीन वर्षं दर शनिवारी त्याचं वाजवणं ऐकत, पोटभर जोलोफ, म्हणजे त्यांच्याकडचा टोमॅटोचा तिखट भात, वाढत आणि म्हणत, "छान. पण माझ्या आईच्या मडक्यासारखं नाही रे." काय कमी आहे, ते त्यांनाही सांगता येत नसे. आज त्या वाचनालयाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसणार होत्या. आजही त्यांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली तर वाजवणं सोडायचं, असं मर्लने ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या आईची वस्तू आपण किती दिवस बिघडवायची?

आणि या खेपेला भट्टीतून धड निघालेलं मडकं हे एकच.

त्याने ते उलटं केलं. आंबट पाणी शर्टावर आलं, कोबी जागचा हलला नाही. चिमटा गळ्यातून आत जाईना. मग लोरेनची विणायची सुई घेऊन तो एकेक तुकडा उपसू लागला.

"माझी सुई!"

"माझं मडकं!"

शेवटी अंगणातला पाण्याचा पाइप लावला. त्या धारेने कोबी गळ्याशी येऊन घट्ट बसला आणि पाणीही आतच अडकलं.

"आता खारं पाणीही वाया घालवलंस," लोरेन गाडीत बसता बसता म्हणाल्या.

सभागृहात मर्लने डोळे मिटून पहिली थाप मारली. मडकं डचमळलं. आतून एक जाड, ओला, हेलकावे खाणारा आवाज निघाला आणि व्हिनेगरसारखा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. कोणीतरी खोकलं. ओबियागेली आँटी उठून उभ्या राहिल्या.

"संपलं," मर्ल पुटपुटला.

"थांबू नकोस!" आँटींचा आवाज कापत होता. "वाजव. अरे, पाणी! आमचं ते पाण्याचं मडकं होतं. अर्धं भरलेलं असताना आई वाजवायची. साठ वर्षांत मी हे विसरलेच होते."

मर्ल वाजवत राहिला. आँटी रडत होत्या, हसत होत्या, हातांनी ताल धरत होत्या. आपण ज्या बाईवर खेकसलो तिच्याचमुळे हे घडलं, हे त्याच्या लक्षात आलं. कार्यक्रम संपताच त्याने सगळ्यांसमोर लोरेनला मिठी मारली.

"शर्ट ओला आहे तुझा," लोरेन म्हणाल्या. पण त्यांनी त्याला दूर लोटलं नाही.

आँटींनी लोरेनचे दोन्ही हात धरले. "पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्याकडे या. वाजवायला शिकवते तुम्हाला."

"येईन की. याला आणू?"

आँटींनी मर्लकडे नीट पाहून घेतलं.

"आणा. मडकं उचलायला कोणीतरी लागेलच."